काही कळताच कळवू

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. भाऊजींच्या हाताची पट्टी निघाली आणि ते स्वतःच्या हाताने जेवले, हे वाचून जीव भांड्यात पडला. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. मी बरी आहे. ऑफिसात नव्या खुर्च्या आल्यात, त्यामुळे सगळे आता ताठ बसून डुलक्या काढतात.

रविवारी जेवायला ये, असं तू लिहिलंस. "तुझा तरी काय इलाज होता, तुझे हात बांधलेले होते," असंही लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. फोन केला असता, पण फोनवर त्या दिवसाचा विषय निघाला की तू "जाऊ दे गं" म्हणून मला गप्प करतेस. म्हणून लिहितेय. तुझ्या घरी ताटावर बसण्याआधी त्या दिवशीचं सगळं तुला माहीत असायला हवं.

भाऊजींच्या जहाजाला आग लागल्याची बातमी टीव्हीवर आमच्याही आधी आली. जहाजावरच्या माणसांच्या घरच्यांसाठी आमच्या विभागाचा एकच ईमेल पत्ता आहे, हे तुला ठाऊक आहे. मी सकाळी कॉम्प्युटर उघडला तेव्हा मेल इतके येत होते, की वरचा वाचेपर्यंत तो खाली ढकलला जायचा. घरचे, पत्रकार, विमावाले, बंदरवाले, आणि त्यातच कुणाचा रजेचा अर्ज नि गणवेशांची बिलं. जहाजाची स्वतःची यंत्रणा बंद पडली होती. मदतीला गेलेलं दुसरं एक जहाज त्यांचे निरोप आम्हाला मेलने पाठवत होतं, आणि त्यातला पहिलाच निरोप त्या ढिगात आमच्या नजरेतून सुटला. साहेब माझ्या मागे उभे राहून नुसते "शोधा, शोधा" म्हणत होते.

आधी मी आपल्या जहाजाच्या नावाने शोधलं. जवळजवळ सगळेच मेल समोर आले, कारण नाव सगळ्यांनीच लिहिलेलं. मग अट बदलली. पाठवणारा फक्त ते मदतीचं जहाज. लगेच निघाला निरोप. तो फिल्टर मी तसाच ठेवून दिला, म्हणजे त्यांचा नवा मेल ढिगात न हरवता वेगळ्या यादीत दिसेल. दुसरी यादी घरच्यांची केली, आमच्याकडे नोंदवलेल्या पत्त्यांवरून. तिसरी पत्रकार आणि विमावाल्यांची, ती साहेबांनी स्वतःकडे घेतली. बाकीचं सगळं नजरेआड. मेल तेच, पेटी तीच, फक्त एका वेळी डोळ्यांसमोर काय ठेवायचं ते ठरलं. साहेब पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

घरच्यांच्या यादीतल्या सगळ्यांना एकच उत्तर पाठवायचं ठरलं. "आम्ही संपर्कात आहोत. कृपया धीर धरावा. काही कळताच कळवू." तुलाही तेच गेलं. "तू तिथेच बसली आहेस ना? मग मला हे असं काय लिहितेस?" असा तुझा मेल आला. त्यालाही तेच गेलं.

इथवर तुला माहीत आहे.

दुपारी जहाजाच्या यादीत नवा निरोप आला. आग विझली. एक इंजिनिअर गेला, एक भाजला. नावं पुढच्या निरोपात.

ताई, त्या पाळीला खाली इंजिन रूममध्ये दोनच इंजिनिअर होते. आमच्याकडे पाळ्यांचा तक्ता असतो. भाऊजी, आणि थर्ड इंजिनिअर.

साहेबांनी तक्ता बघितला, मग माझ्याकडे बघितलं. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "नावं येईपर्यंत कुणाच्याच घरी सांगायचं नाही, असा नियम आहे. पण तुम्ही बाहेर जाऊन बहिणीला फोन केलात, तर मी काही बघितलेलं नाही."

"आणि थर्डच्या घरी?" मी विचारलं.

"त्यांची बहीण इथे कामाला नाही," ते म्हणाले. कुत्सितपणे नाही, खाली मान घालून म्हणाले.

तेव्हा माझे हात कुणी बांधलेले नव्हते. मी जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. फोनवर तुझं नाव काढलं. पण सांगणार काय होते? की भाऊजी आहेत, किंवा नाहीत?

परत येऊन जागेवर बसले. यादीत तुझ्या मेलच्या लगेच खाली थर्डच्या बायकोचा मेल होता. तिने लिहिलं होतं, "ह्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यांनी कंपनीला सांगितलेलं नाही. धोक्याची घंटा त्यांना ऐकू गेली असेल ना?" मी दोघींना तेच उत्तर पाठवलं. काही कळताच कळवू. कळलेलं असताना.

नियमासाठी केलं असं मला म्हणता येईल. तिच्यावर अन्याय नको म्हणून केलं असंही म्हणता येईल, आणि ते अगदीच खोटं नाही. पण तुझा आवाज ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती, हे त्याहून खरं आहे.

संध्याकाळी नावं आली. भाजले होते ते भाऊजी. मी टेबलावर डोकं टेकलं. साहेबांना वाटलं मी रडतेय. मी हसत होते, ताई. थर्डच्या घरी फोन मलाच करायचा होता आणि तोंडावरचं हसू काही केल्या जाईना, म्हणून आधी जाऊन तोंड धुतलं. मग तिला फोन केला. तुला तिच्यानंतर.

हे वाचूनही ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तर आईला काय सांगायचं ते मी बघते, तुझ्यावर काही येऊ देणार नाही.

जिच्याकडून तुला एक शब्द हवा होता, ती,
तुझी धाकटी


२७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी तू आली नाहीस ते बरं झालं, मला तू समोर नको होतीस.

त्या दुपारी मी काय करत होते ते तुला सांगितलं नव्हतं. ह्यांचे सगळे शर्ट कपाटातून काढून पुन्हा घड्या घालत होते. तुझं ते उत्तर यायचं, आणि मी मनात म्हणायचे, काही वाईट असतं तर तिला मला असं लिहिताच आलं नसतं, बहीण आहे माझी. त्या उत्तराला टेकून मी ती दुपार काढली. आता कळतंय की मागे भिंत नव्हतीच. राग त्याचा आहे, समजलं?

काल थर्डच्या घरी गेले होते. ह्यांनाही यायचं होतं, पण चपला घालून दारापर्यंत आले आणि परत आत जाऊन बसले. मी तिला सगळं सांगितलं, तू लिहिलंस तेही. ती म्हणाली, "मला सांगायला हवं होतं. अर्धंमुर्धं का होईना. धीर धरा म्हणाले, म्हणून धरला, आणि मुलीला घेऊन आइस्क्रीम खायला गेले मी त्या दुपारी."

मी विचारलं, "आणि तेव्हा फक्त मला कळलं असतं तर?"

ती म्हणाली, "तर आज तुम्हाला घरात घेतलं नसतं."

चहा तिनेच केला. मी कप विसळून ठेवले आणि निघाले.

ह्यांना तुझं पत्र वाचायला दिलं. वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि म्हणाले, "तिला बोलाव."

तेव्हा या रविवारी ये. जेवायला वाढीन. तुझ्याशी बोलेन की नाही ते आत्ता सांगता येत नाही. न बोलले तरी उठून जाऊ नकोस.

अजून रागात असलेली,
तुझीच ताई