निळ्या झालेल्या ओळी

फुलसावंगी, २ सप्टेंबर २०२४

चि. दीपास,
कांताआत्याचा सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचली. फोनवर बोललं का साऱ्या घराले ऐकू जाते, म्हणून लिहून राह्यली. विहाराच्या स्मरणिकेत माह्या मायची गोष्ट येते, हे सुनेले, शीलाले सांगतलं. तिले पटेच ना. मग म्हटलं का दीपा टाईप करत होती तवा मी मागं उभी होती. सारा कागद पांढरा, अन् मायच्या तेवढ्या ओळी तिनं निळ्या केल्या. आपला रंग दिला पोरीनं. निघताना तुह्या डोक्यावरून हात फिरवला तर तू वर पायलं नाही, काहून? बापासारखी घुमी नको होऊ.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आत्या

नेर, ६ सप्टेंबर

ती. आत्यास,
दीपाचा सादर जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून घास गोड लागत नाही. आत्या, माऊस ओढून ओळी निवडल्या की त्या निळ्या दिसतात. मग त्या हलवता येतात, नाहीतर पुसता येतात. मी पुसायलाच निवडल्या होत्या. बाबांनी लिहिलंय की दीक्षेनंतर देव्हाऱ्यातले देव आजोबांनी नदीत सोडले आणि आजी दारात रडत होती. तू सांगतेस की आजोबा गावाच्या धाकानं थांबले, आजीच देव घेऊन नदीकडे निघाली. बाबा म्हणाले की तुझं छापलं तर बापाची शोभा होईल. तू गेल्यावर मी डिलीट दाबलं. मला लाज वाटते.

तुझ्या ओळी दुसऱ्या फाईलमध्ये जपून ठेवल्या आहेत. पण न विचारता परत लावल्या तर समितीचे अध्यक्ष म्हणून बाबा स्मरणिकाच थांबवतील. पंधरा तारखेला फाईल छापायला जाते. मी काय करू?

रागावलीस तरी दोन ओळी टाक.
दीपा

फुलसावंगी, १० सप्टेंबर

चि. भीमराज,
थोरल्या बहिणीचा जयभीम.

दीपावर चिडू नको, तिनं खरं सांगतलं. तू कवा पायलं रे मायले रडताना? तू दूधपिता, तिच्या कडेवर होता. एका हातात देवाचं टोपलं, दुसऱ्या हातात तू, अन् मी लुगडं धरून मागं. वाटेत लोक दगड घेऊन उभे होते. मायनं तुह्या डोक्यावर पदर घेतला अन् चालत राह्यली. रडत होता तो तू. आपल्या बाबांले मी भित्रे म्हणत नाही. घरी आल्यावर तिच्या पायातले काटे त्यांनीच काढले, हे बी लिही. पण माय रडली असं छापलं, तर मी त्या विहारात पाय ठेवणार नाही.

लोभ ठेवायचा का नाही, तू ठरव.
कांता

नेर, १४ सप्टेंबर

ती. आत्यास सादर जयभीम.

बाबांनी तुझं पत्र वाचलं. काल खुर्ची ओढून शेजारी बसले आणि माऊस मागितला. ओढता ओढता सगळं पानच निळं झालं, माझा जीव टांगणीला. पण त्यांनी पुन्हा सुरुवात केली, स्वतःचाच परिच्छेद निवडला आणि पुसला. मग म्हणाले की कांताच्या ओळी लाव, काट्यांचंही घाल.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं की सगळीकडे नुसतं माय काहून आहे, तिले नाव नव्हतं का. आणि एका बोटानं अक्षरं शोधत गंगी टाईप करायला लागले. वेलांटी सापडेना. मी दाखवायला गेले तर म्हणाले की राहू दे, मायचं नाव आहे, मीच लिहितो.

फाईल उद्या जाते. तुझा लोभ आम्हा दोघांवर असू दे.
दीपा