स्टेटस कोणी पाहिलं

९ फेब्रु., रविवार
प्राची नीटच्या क्लासला गेली नाही. पोट दुखते म्हणे. मागच्या रविवारीही पोटच दुखत होतं. फॅक्टरीच्या गेटवर झडती घेण्यात माझा जन्म गेला, खोटं बोलणारा चेहरा मला कळतो. विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपली. मोबाइल उशीखाली.

१० फेब्रु., सोमवार
फर्स्ट शिफ्ट. मोबाइल गेटच्या रॅकमध्ये, म्हणून दिवसभर पत्ता नाही. सुटल्यावर पाहतो तर संगीताचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. घरी माय-लेकी दोघी रडून बसलेल्या.

क्लासच्या पोरांचं इन्स्टावर कुठलंसं कन्फेशन पेज आहे. चालवतो कोण, नाव नाही. त्यावर प्राचीचा फोटो. खाली लिहिलं आहे, 'कोट्यातली डॉक्टर. पेशंटनी आपापल्या जबाबदारीवर यावे.' मग हसणाऱ्यांची रांग. एकानं नुसती आमची जात लिहिली आहे, शिवीसारखी. असं बरेच दिवस चालू होतं म्हणे. आज इतकंच.

११ फेब्रु., मंगळवार
फोटो कुठला ते ड्यूटीवर आठवलं. आमच्याच घरातला. मीच काढला, मीच व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकला, पोरगी रात्रंदिवस अभ्यास करते म्हणून. म्हणजे हा बाहेरचा चोर नाही. ज्याच्याकडे माझा नंबर आहे, त्यातलाच कोणी. आज गेटवर जो जो माझ्याकडे पाहून हसला, त्याच्याबद्दल वाटलं, हाच का?

संध्याकाळी नवीनच. प्राची म्हणते नीटचा फॉर्म ओपनमधून भरणार. "मंग पाहू कोन काय म्हणते." जातीच्या दाखल्याच्या व्हॅलिडिटीसाठी मी भंडाऱ्याला किती खेटे घातले ते तिनं पाहिलं आहे. ओपनमधून सीट लागेल का, कोण जाणे. मी ओरडलो. ओरडायला नको होतं.

१३ फेब्रु., गुरुवार
माझं स्टेटस नेहमी पाहणाऱ्यांत क्लासशी संबंध असलेले तिघंच.
कुणाल. शेजारच्या क्वार्टरचा, त्याच क्लासला. प्राचीपेक्षा मार्क नेहमी कमी.
अमोल, माझा पुतण्या. क्लासच्या खालीच मोबाइलच्या दुकानात बसतो. सगळी पोरं तिथंच पडलेली.
आणि ऋतुजा. प्राचीची मैत्रीण. आपल्यातली नाही, पण घरात पाय ठेवताना "काका, जयभीम" म्हणते. शाळेपासून संगीताच्या हातचं जेवते. तिचं नाव लिहिताना लाज वाटली.

१४ फेब्रु., शुक्रवार
एकाच माणसाला दिसेल असं स्टेटस टाकता येतं. तिघांना तीन वेगळे फोटो दाखवायचे. पेजवर जो येईल, त्याचा मालक सापडला. संगीता म्हणाली, "पोरीले तरी विचारा." विचारलं तर ती नाही म्हणेल, मग?

१६ फेब्रु., रविवार
कुणालला दाखवला तो फोटो पेजवर आला नाही. त्याच्या आईनं शेवयांचा डबा पाठवला. मी झाकण उघडून वास घेतला. संगीता म्हणाली, आता डोकं तपासून घ्या.

१८ फेब्रु., मंगळवार
अमोलला विहारातला, पांढऱ्या साडीतला दाखवला. पेजवर काही नाही. उलट त्याचा फोन, "काका, प्राची केवढी मोठी दिसून राहिली." एवढ्यासाठी फोन का केला? मला तेही पटेना.

२० फेब्रु., गुरुवार
काल ऋतुजाला एकटीला गच्चीवरचा फोटो दाखवला होता, प्राची केस वाळवतानाचा.
आज पेजवर तोच. खाली, 'केस धुतले. डाग निघाला का?'
परवाच जेवून गेली.

२१ फेब्रु., शुक्रवार
प्राचीला सगळं सांगितलं. वाटलं, कोसळेल. ती शांत.
"मले पयल्या दिवसापासून माहीत होतं, बाबा. पेपराच्या आधी मले उलटी झाली, थे फक्त तिलेच सांगतलं होतं. दुसऱ्या दिवशी पेजवर."
मग गप्प का बसलीस?
"तिच्याबिगर त्या क्लासात माझ्याशी बोलते कोन?"
  मग तीच म्हणाली, "फोटो तिनं उचलला. पन टाकला तुमी. मले न इचारता."


२२ फेब्रु., शनिवार
सायबर पोलिसांच्या मॅडमना फोन केला. काही डिलीट करू नका, पेजला उत्तर देऊ नका, लिंक आणि स्क्रीनशॉट जपा, मुलीला घेऊन या. जातीवरून लिहिलं आहे तर दाखलाही आणा म्हणाल्या. बोलणं नीट होतं. तरी फोन ठेवल्यावर वाटलं, खरंच काही करतील?

प्राची तयार नाही. आधी ऋतुजाला घरी बोलावते म्हणते. मी म्हटलं, ती सगळं पुसून टाकेल. "पुसू द्या. तुमच्याजवळ हायेच ना सारं."
फॉर्म अर्धाच भरलाय. कॅटेगरीच्या रकान्यापाशी थांबलाय.

२३ फेब्रु., रविवार
ऋ. आली. "काका, जयभीम." मी नुसती मान हलवली. प्राचीनं मला आणि संगीताला बाहेर काढलं. पायऱ्यांवर बसलो. दाराला कान लावावासा वाटत होता. संगीतानं शर्ट धरून ठेवला होता.

 आतून रडणं ऐकू आलं. कोणाचं ते ओळखता येईना.

ऋ. आमच्याकडे न पाहता निघून गेली. विचारलं, काय म्हणाली? "थे आमच्या दोघीतलं हाये, बाबा." आत जाऊन दार लोटून घेतलं.

मग तिनं आतून हाक मारली, जातीचा दाखला कुठं ठेवला? कपाटातून काढून दिला. फॉर्मसाठी की उद्या पोलिसांकडे न्यायला? दारातच उभा राहिलो. तिनं वर पाहिलं, "काय?" काही नाही म्हटलं आणि दार लोटून घेतलं.