नळाजवळचे बाकडे

२ नोव्हेंबर १९५५, बुधवार
मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. परदेशातल्या एका फाउंडेशनचे तज्ज्ञ, ऑल्डरसनसाहेब, आपल्या राज्याचा कारभार सुधारायला मदत करणार आहेत. त्यांना मराठी वस्तीतून हिंडवायला आणि लोकांचे बोलणे इंग्रजीत सांगायला एक शांत माणूस हवा. अख्ख्या ऑफिसातून माझी निवड झाली. हेरंब टायपिस्ट म्हणतो, बाकी सगळ्यांनी आधीच नाही म्हटले होते. हेरंबला मत्सर वाटतो.
गावच्या शाळेत सारवलेल्या जमिनीवर बसून शिकलेला मी. पन्नाशी आली तेव्हा दत्तगुरूंनी हे काम दिले. यात काही हेतू असणार.
संकल्प: तपकीर बंद. रोज इंग्रजी अग्रलेख. वहाणांऐवजी बूट.

५ नोव्हेंबर, शनिवार
बूट चावला. तपकीर सोडल्याने सर्दी झाली, म्हणून थंडी संपेपर्यंत चालू ठेवतो. अग्रलेख अर्धा वाचला. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये असे त्यात होते. पुढचे वाचवेना. उद्यापासून नियमित.

९ नोव्हेंबर, बुधवार
ऑल्डरसनसाहेब भला माणूस. उंच, वाकून बोलतो. त्याने विचारले, ‘लोक सरकारपर्यंत कसे पोचतात?’ सगळ्यांनी एकसुरात सांगितले, थ्रू प्रॉपर चॅनेल. मग त्याने विचारले, ‘आणि लोक एकमेकांपर्यंत?’ सगळे फायली चाळू लागले.
घरी येताना विचार करत आलो. इंग्रज गेला, पण टेबले तशीच राहिली, आणि टेबलापलीकडचा माणूस अजून उभाच आहे. त्याचे ऐकायला कुणीतरी लांबून यावे लागते, कारण लांबच्याला जात नाही, वॉर्ड नाही, पक्ष नाही. भागीदारी म्हणतात ती हीच. त्याच्याकडे प्रश्न आहेत, आपल्याकडे माणसे आहेत.
मी सुचवले, साहेबांनी आमची अंबिका चाळ पाहावी.
साहेबांबरोबर वरून पाठवलेले एक गृहस्थ असतात. पांढरा बुशशर्ट. कुठल्या खात्याचे ते कुणी सांगितले नाही. फार नम्र. लिहून काहीच घेत नाहीत.

२२ नोव्हेंबर, मंगळवार
काल फाउंटनला गोळीबार झाला. माणसे गेली. आमच्या ऑफिसच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी आवाज आत आला. जप करत बसलो.
चाळीत चूल पेटली नाही. खालच्या मजल्यावरचा दत्ताराम गिरणीत साचे चालवतो आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे कामही करतो. तो फाटक्या सदऱ्याने परत आला. त्याची आई जाईबाई दारातच बसून होती. मला पाहून दत्ताराम म्हणाला, ‘काय नाना, तुमचा सायब सुधारतोय ना सरकार? मग त्याला म्हणावं, बंदुकीपासून सुरुवात कर.’ तो दुःखात होता. मी मनावर घेतले नाही.
अशा वेळी तर सुधारणेची जास्तच गरज. साहेबांच्या भेटीची तारीख मात्र पुढे गेली.

४ डिसेंबर, रविवार
मोठा दिवस. साहेब चाळीत आले. पोरे मागे, बाया गॅलरीत. हिने पोहे केले. साहेबांनी मिरचीसकट खाल्ले.
मी त्यांना आमचा डबा दाखवला. ही खरी माझी कल्पना. चाळीत पाणी पहाटे कधी येईल त्याचा नेम नाही. जाईबाई नळाजवळ निजते. नळाने सूं केले की उठून राकेलचा रिकामा डबा बडवते. सलग वाजला की पाणी. थांबत थांबत वाजला की भाडेवसुलीचा माणूस. शेजारच्या चाळी तो आवाज उचलतात आणि करी रोडपर्यंत खबर जाते. साहेब थक्क झाले. म्हणाले, सरकारने लोकांशी बोलायला अशाच वाटा शोधायला हव्यात.
त्यांचा उत्साह पाहून मी म्हटले, तिसराही प्रकार आहे, गेल्या महिन्यापासूनचा. आणि वाजवून दाखवला.
पुरती सूचना द्यायला हवी होती, एवढे खरे. चाळीतले सगळे बापये उठून पळाले. शेजारच्या खोलीतला भिवा जेवणाच्या ताटावरून उठला. दत्ताराम दाढी करत होता, तो गालाला साबण तसाच घेऊन मागच्या दाराने मसाल्याच्या कांडपाच्या गल्लीत शिरला. साहेबांनी हसून टाळ्या वाजवल्या. विचारले, हे कशासाठी? मी थोडा घुटमळलो. मग सांगितले, पोलिसांसाठी. खोटे बोलू नये.
बुशशर्टातले गृहस्थ डब्याकडे बघत नव्हते. मागच्या दाराकडे बघत होते. जाताना त्यांनी एवढेच विचारले, म्हातारी रोज तिथेच निजते का? मी म्हटले, रोज. बिचारीला फरशी गार लागते.

६ डिसेंबर, मंगळवार
जाईबाई रागावली आहे. ‘नानांनू, माझो डबो कित्याक वाजवलात? तो काय तमाशाचो ढोल?’ मी तिला सुधारणा म्हणजे काय ते समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘मगे तुमच्या सायबाक सांगा, नळाकडे माका निजूक एक बाकडा घाल म्हणान.’ चेष्टेने म्हणाली, पण मी टिपून घेतले. लोकांच्या गरजा अशाच कळतात.
जिन्यात दत्ताराम भेटला. शांतपणे म्हणाला, ‘नाना, सायब चांगला असेल. पण त्याच्या बाजूला कोण उभा असतो ते बघा जरा.’
चळवळीतल्या माणसांना सगळीकडे सावल्या दिसतात. गुरुवारी त्याच्यासाठी नारळ ठेवीन.

२० डिसेंबर, मंगळवार
साहेबांनी बाकड्याची कल्पना उचलून धरली. परदेशी मदतीचे पहिले दृश्य फळ!
हेरंबकडून कळले की चांगले काम झाले तर साहेब एका माणसाला तिकडे ट्रेनिंगला नेणार आहेत. नाव कुणी घेतले नाही. घ्यायची गरजही नाही. दादरला जुना गरम कोट पाहिला. बाह्या लांब आहेत, पण थंड देशात लांब बाह्या बऱ्याच. घेतला. हिला विचारले नाही. काट्याने भात खाण्याचा सराव सुरू. भात काट्यावर राहत नाही. तांदूळ बदलून पाहावा.

२ जानेवारी १९५६, सोमवार
बाकडे आले. सागवानी, पाठीला टेकण. बुशशर्टातल्या गृहस्थांनी स्वतः उभे राहून जागा ठरवली. नळाला लागून, मागच्या दाराच्या अगदी समोर. मी म्हटले, दाराची वाट अडते. ते म्हणाले, ‘वारा येईल म्हातारीला.’ किती बारीक विचार!
जाईबाईने बाकड्याला हळदकुंकू लावले. ‘नाना, जल्मात पयल्यांदा सरकारान माका कायतरी दिल्यान.’ तिच्या डोळ्यांत पाणी होते. मलाही गहिवरून आले. गावचे मास्तर आज असते तर.
दत्ताराम बाकड्यावर बसला नाही. उभ्यानेच चहा प्यायला.

११ जानेवारी, बुधवार
साहेबांनी आपल्या अहवालाचा मसुदा वाचून दाखवला. अंबिका चाळीवर पूर्ण पान. डब्याला त्यांनी ‘लोकांचा तारायंत्र-विभाग’ म्हटले आहे. अहवाल सगळ्या खात्यांना जाणार. मी म्हटले, सगळ्यांना जावाच.
रात्री ही म्हणाली, ‘खाली बाया माझ्याशी तोडून बोलतात.’ मी म्हटले, मोठेपणा आला की असे होते.

१७ जानेवारी, मंगळवार
काल रेडिओवर मुंबईचा निकाल लागला. मुंबई महाराष्ट्राला नाही. रेडिओ बंद झाला तरी गॅलरीतून कुणी आत गेले नाही. नुसते उभे होते सगळे.
आज पहाटे पोलीस आले. डबा वाजला नाही.
सकाळी कळले ते असे. जाईबाईला जाग आली तेव्हा बाकड्यावर, तिच्या पायाशी, दोन माणसे बसली होती. डबा एकाच्या मांडीवर. त्याने तिला म्हटले, ‘आजी, थंडी आहे. पडून राहा.’ उरलेले मागच्या दारात उभे होते. दत्तारामला, भिवाला आणि पलीकडच्या चाळीतल्या पाचसहा जणांना नेले. कुठे नेले ते सांगत नाहीत. दत्तारामच्या पायांत काही नव्हते. जाईबाई त्याच्या चपला घेऊन नाक्यापर्यंत धावली.
सगळ्या मुंबईत अशी धरपकड झाली म्हणतात. म्हणजे आमच्या चाळीचे वेगळे असे काही नाही. मुद्दाम लिहून ठेवतो: वेगळे असे काही नाही.
पोथी वाचायला बसलो. ओळ लागेना. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

२४ जानेवारी, मंगळवार
निकालानंतर आठवडाभर पेटलेली दंगल शमली. ऑल्डरसनसाहेब आज गेले. निरोपाला आम्ही रांगेत उभे होतो. मी कोट घातला होता. साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारले, ‘ती डबेवाली आजी कशी आहे?’
मी म्हटले, ‘व्हेरी वेल, सर. तिला बाकडे फार आवडते.’
त्यांना बरे वाटले. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला जाताना वाईट का सांगायचे? बुशशर्टातले गृहस्थ शेजारीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आपल्या माणसाकडे पाहून हलवतात तशी.
ट्रेनिंगला शरच्चंद्र म्हणून कुणी जातो आहे. मोठ्या साहेबांचा भाचा. ठीक. माझी पाळी पुढच्या खेपेला.

२९ जानेवारी, रविवार
सकाळी बाकडे चाळीबाहेर रस्त्यावर पडलेले दिसले. उलटे, पाय वर. कुणी बसत नाही, कुणी उचलूनही नेत नाही. सागवान आहे. आश्चर्य.
जाईबाईला म्हटले, ‘दत्तारामची काही खबर?’ ती माझ्या पलीकडे पाहत राहिली. तिला हल्ली ऐकू कमी येते.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
ही माटुंग्याला भावाकडे गेली. आठ दिवस म्हणाली, पण पितळी डबे, स्टोव्ह आणि देवघरातली अन्नपूर्णा घेऊन गेली. हवापालट होईल.
आज पाणी आले नाही. उठून गेलो तो नळ कोरडा.

५ फेब्रुवारी, रविवार
आजही पाणी नाही. गॅलरीत सगळ्यांच्या उंबऱ्याशी ओल होती. भिवाच्या आईची पिंपे काठोकाठ भरलेली. कालचे साठवले असेल. काटकसरी बाई.
हल्ली डबा वाजत नाही, ही एक सुधारणाच म्हणायची. पहाटे किती शांत असते. वरच्या मजल्यावर मात्र कुणीतरी दळणाचे जाते ओढायला बसते. पूर्वी ऐकल्याचे आठवत नाही. मागाहून जिन्यात खाली जाणारी पुष्कळ अनवाणी पावले वाजतात, मधूनच एखादी कळशीही. देवाला जात असतील. चाळीत भाविकपणा वाढला आहे.

७ फेब्रुवारी, मंगळवार, पहाटे
कळशी कोरडी. काल संध्येलाही पाणी नव्हते, मनात आचमन केले. पाणीपुरवठ्याच्या अनास्थेबद्दल ऑल्डरसनसाहेबांना सविस्तर लिहायचा संकल्प केला आहे.
आत्ताच वर जाते सुरू झाले. आईची आठवण आली. किती गोड घरघर. पडूनच ऐकावे. पाणी आले की कुणीतरी सांगेलच.