काठावरचे आयन

पिंप्राळा, रविवार, संध्याकाळ

दुपारी प्रयोगशाळेतून सहकाऱ्याचा फोन आला, "या वेळी प्रोब वाचला. आलेख पाठवलाय." मागचा प्रोब, म्हणजे मोजमापाचा दांडा, यंत्रातल्या प्लाझ्मात, त्या धगधगत्या विद्युतभारित वायूत वितळला तेव्हा आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नव्हते.

आलेख आधी नानांना दाखवला. माझे वडील, जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस. सांगितलं, प्रोबला केसाएवढी फट आहे, तीतून आयन आत येतात. आत आम्ही व्होल्टेज वाढवत नेतो. कमी ऊर्जेचे मागे फिरतात, जोरदार तेवढे पोचतात. त्यावरून तापमान काढायचं.

"किती निघालं?"

"काही लाख अंश. आणि हा प्लाझ्माचा नुसता काठ, नाना."

"अन् तुझं यंत्र वितळलं नाही?"

"प्लाझ्मा फार विरळ असतो. आणि या वेळी प्रोब क्षणभरच आत ठेवला."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हंजे तू सूर्यले हात लाई उनी, पोरी."

सूर्याला हात लावून आले नाही, असं सांगणार होते, तेवढ्यात मलाच नवल वाटलं. केसाएवढी फट! तीतून हे सगळं कळलं? आम्हाला?

मग आलेख पुन्हा उघडला, आणि पहिल्यांदाच त्यात चूक न शोधता नुसती पाहत बसले.