‘सडी’ला बटणं नकोत

९ तारीख, रविवार सकाळ

लाडके चिमणे,

आशीर्वाद. मी बरा आहे, गुडघा नेहमीसारखाच कुरकुरतोय. तू पाठवलेला स्वेटर पोचला. बाह्या जरा आखूड आहेत, पण चालेल.

आता कामाचं. माउसने बटणं दाबत सिस्टिम बसवायचा तुझा इन्स्टॉलर आपल्या ‘सडी’त घ्यायचा की नाही, यावर गटात तीन मतं बाजूने, तीन विरुद्ध. सातवं माझं, आज संध्याकाळपर्यंत द्यायचंय. तीन आठवडे मीच अडवून धरलंय.

कारणं गटात लिहिलीच आहेत. ‘सडी’ म्हणजे आपल्या गटाने बांधलेली गरजेपुरती लिनक्स सिस्टिम, फुकटचं काही नाही. चाळीस आज्ञा हाताने टाइप करायचा ज्याला कंटाळा, त्याने दुसरीकडे जावं. बारा वर्षांपूर्वी मी मार्गदर्शिका लिहिली, लोक तिच्यावरूनच शिकले. आणि तुझा तो इन्स्टॉलर! अगं, माझ्या आख्ख्या पहिल्या ‘सडी’पेक्षा जड आहे तो.

कारणं खोटी नाहीत. पण जळफळाट होतो तो आपल्या आप्पांमुळे. दर नव्या आवृत्तीला ते मला फोन लावून टाइप केलेलं एकेक अक्षर वाचून दाखवायचे. दोन-दोन तास. मी वैतागायचो, “आप्पा, मधे जागा सोडा, जागा!” पण आमचं बोलणं काय ते तेवढंच. या वेळी नवी आवृत्ती आली तरी त्यांचा फोन नाही, म्हणून परवा मी आपणहून केला, तर म्हणाले, “अरे, झालं की! चहा निवायच्या आत. चिमणीने काय करून पाठवलंय, बघितलंस का?”

मला विचारतात, बघितलंस का! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग तुझा इन्स्टॉलर उघडला, खोट काढायलाच. एका जुन्या डिस्कवर चालवला. तो मधेच थांबला आणि त्याने विचारलं, ‘या डिस्कवर फोटो आहेत. सगळे पुसले जातील. पुसायचे का?’

चिमणे, चार वर्षांपूर्वी नवी आवृत्ती बसवताना आईचे फोटो पुसले गेले, तेव्हा मी आप्पांना म्हणालो, तुम्ही चुकीची डिस्क टाइप केलीत. अजून ते म्हणतात, माझ्या हातून गेले. त्यांनी अक्षर न् अक्षर मार्गदर्शिकेतलंच टाइप केलं होतं. सत्ताविसाव्या ओळीत ‘आपल्या डिस्कचं नाव आधी बघून घ्या’ असं हवं होतं. तिथे त्या आवृत्तीच्या वेळी मी माझ्याच मशिनच्या डिस्कचं नाव लिहून ठेवलं होतं, आणि आप्पांच्या मशिनवर नेमक्या त्याच नावाच्या डिस्कवर फोटो होते. फोनवर ‘हां, बरोबर’ म्हणणाराही मीच. दुसऱ्या दिवशी ती ओळ गुपचूप बदलली.

तुला कळलं होतं ना? बदलांची नोंद तू बारकाईने वाचतेस. तरी एका शब्दाने बोलली नाहीस, नुसता हा प्रश्न लिहिलास. त्याचाही हेवा वाटला.

पत्र पोचेल तोवर माझं मत तुला कळलेलं असेल. बाजूने देतोय. आता आप्पांना फोन लावतो. या वेळी वाचून मी दाखवणार, जुनी सत्ताविसावी ओळ.

तुझ्यावर अजूनही जळणारा,
तुझाच दादा