तिसऱ्या खांबाच्या स्लाइड्स

४ मार्च

एका स्लाइडवर किती ओळी असाव्यात! मोजायला गेले आणि मध्येच नाद सोडला.

ह्यांनी ऑफिसातून लॅपटॉप घरी आणला, जेवणाच्या टेबलावर उघडला आणि म्हणाले, "बघ जरा. तुझंच क्षेत्र." बघितलं. पुलाच्या तपासणीचा अख्खा अहवाल उचलून पडद्यावर ओतलाय. अक्षर असं की मुंग्यांची रांग चाललीय. आलेखांना होते नव्हते तेवढे सगळे रंग. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात खात्याचं बोधचिन्ह — जणू समिती मध्येच विसरेल, कुठल्या खात्यात बसलोय ते!

"अहो, हे समितीला दाखवायचंय की समितीपासून लपवायचंय?"

हसले. हसताना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

मी आयुष्यभर प्रशिक्षण संस्थेत अधिकाऱ्यांना हेच शिकवलं — चार माणसांपुढे उभं राहून आपलं म्हणणं कसं मांडायचं. प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका होत्या तेव्हापासून. मोठमोठे साहेब माझ्यासमोर घामाघूम झालेत. आणि घरातलाच माणूस हे असलं करून आणतो.

गोष्ट साधी नाही. १९ तारखेला पूल समिती बसणार. नदीवरचा जुना पूल बंद करायचा की नाही, ते त्याच दिवशी ठरणार. ह्यांचं म्हणणं, बाजाराकडून तिसरा खांब पाण्याखाली पोखरलाय. नदीला जरा जोर आला की बसेल. तो बसला की वरचे सगळे खाली. पूल बंद झाला तर गावाला लांबचा वळसा, म्हणून निम्मी समिती आधीच विरोधात आहे.

आणि २३ तारखेला ह्यांच्या घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. पूर्ण.

लिहिलं एकदाचं.

६ मार्च

कात्री चालवली. आधी बोधचिन्हं काढली, मग रंग. मग ओळी. हे शेजारी बसून हळहळत होते — "अगं, ती ओळ राहू दे, ती महत्त्वाची आहे." सगळ्याच महत्त्वाच्या असतात! म्हटलं, "पडद्यावर जे आहे तेच तुम्ही वाचून दाखवणार असाल तर तुम्ही जाताय कशाला? फाइल पाठवून द्या." 

नंतर लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि ह्यांना थेट मागच्या खोलीच्या दारात उभं केलं. तिथून वाचता येईल तेवढंच ठेवायचं. शेवटच्या रांगेतला माणूस डोळे बारीक करायला लागला की तो तुमच्या हातून गेला, हे मी शेकडो वेळा शिकवलंय. 

एका स्लाइडच्या कोपऱ्यात, आकड्यांच्या गर्दीत, तिकिटाएवढा फोटो होता. "हे काय आहे?"

"काही नाही, पाणबुड्याने काढलेला. पुरावा म्हणून."

मोठा करून पाहिला. गढूळ पाणी, खांबाचा पाया, आणि दुसऱ्या पाणबुड्याचा हात — खांद्यापर्यंत दगडाच्या आत गेलेला. बोटं कुठे पोचली असतील, कळत नाही. 

अंगावर काटा आला. एवढा पुरावा खिशात घेऊन हा माणूस आकडे वाचत बसणार होता! फोटो पूर्ण स्लाइडभर केला. त्यावर एक अक्षर ठेवलं नाही.

९ मार्च

सकाळी फाइल उघडली. सगळ्या ओळी परत! एकूण एक. फोटोवरसुद्धा खाली तीन वाक्यं.

मी भडकले. "माझं ऐकायचं नव्हतं तर मला कशाला बसवलंत? कष्टांवर पाणी फिरवलंत." बोलत सुटले. थोडासा अपमानही केला असेल.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले — आवाज पार कुजबुजीवर आला होता — "अगं, तुझी माणसं बोलू शकायची. मी मध्येच गप्प झालो तर? स्लाइडवर असेल तर निदान वाचतील."

मी उठून गॅस बंद केला. गॅस चालू नव्हताच.

१० मार्च

लॅपटॉप कोणीच उघडला नाही. जेवण झालं.

११ मार्च

डॉक्टरांकडे. ते म्हणाले, ऑपरेशनच्या आधी आवाज रेकॉर्ड करून ठेवा, पुढे बरं वाटतं. ह्यांनी नाक मुरडलं. "काय रेकॉर्ड करू? पाढे?" डॉक्टर हसले. मी हसले नाही.

पण येताना डोक्यात आलं. तालीम आपण करणारच आहोत. ती फोनवर रेकॉर्ड करायची. चुकलेलं कापायचं, चांगलं जोडायचं आणि प्रत्येक स्लाइडमागे ह्यांचाच आवाज बसवायचा. त्या दिवशी घसा बसला तर एक बटण दाबायचं. मग स्लाइडवर ओळी कशाला?

घरी येऊन सांगितलं. म्हणाले, "म्हणजे मी उभा राहून नुसती ओठांची हालचाल करू?"

"तशी वेळ आली तर करायची."

"बरं, बाईसाहेब." ओळी त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या. हे काही मला बघवलं नाही.

१४ मार्च

तालीम. हॉलमध्ये हे उभे, मी खुर्चीवर, फोन मध्ये. सुरुवातच भलत्या ठिकाणाहून — पूल कधी बांधला, दगड कुठून आला. थांबवलं. "समितीला काय करायला सांगायचंय?"

"पूल बंद करा."

"मग तेच पहिलं वाक्य."

"अगं, एकदम? अंगावर धावून गेल्यासारखं वाटेल."

"वाटू दे."

गंमत अशी, की पाठ केलेलं बोलतात तेव्हा लाकडासारखे. पण मी एखादी शंका काढली की मोकळे होतात — "अगं, असं बघ, खांबाच्या पायाशी पाणी गरगर फिरतं, माती उचलतं..." हातांनी पाणी काढून दाखवतात. पण दर दुसऱ्या वाक्याला 'अगं'!

"समितीच्या अध्यक्षांना 'अगं' म्हणणार आहात का?"

"इतक्या वर्षांची सवय. एकदम जाईल होय?"

जायला हवी, म्हटलं.

दुपारी माझी नणंद आली. दारातूनच, "काय वहिनी, दादाला शाळेत घातलंस वाटतं? छडी कुठे ठेवलीस?" सोफ्यावर बसून तिने सबंध तालीम ऐकली. शेवटी टाळ्या वाजवल्या आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिला चहा करायला लावला. रडण्यापेक्षा बरा.

१७ मार्च

काम झालं. तीन दिवसांच्या तालमी बसून कापल्या. खोकला काढला. अडखळणं काढलं. माझा आवाज काढला. सगळे 'अगं' वेचून वेचून काढले, तांदळातले खडे वेचावेत तसे. आता जे उरलंय ते अगदी नितळ — पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत. कोणाही परक्या माणसापुढे वाजवावं असं.

तालमींच्या मूळ फाइली पुसून टाकल्या. पक्का माल तयार झाला की कच्चा ठेवायचा नाही, ही माझी नोकरीपासूनची शिस्त. नाहीतर आयत्या वेळी भलतंच वाजतं.

हे म्हणाले, "झकास. मी इतकं बरं बोलतो?"

१९ मार्च

बैठक झाली. आजच लिहायला हवं.

स्लाइड्स पुढे सरकवायला मला बसू द्यावं, अशी विनंती ह्यांनी अध्यक्षांना आधीच केली होती. आजारपणामुळे त्यांनी मान्य केली. लांबट खोली, लांबट टेबल, पडद्यासमोरच खिडकी. पडदे ओढून घ्यायला मीच उठले. लेखनिकाने नोंदीसाठी टेबलाच्या मधोमध रेकॉर्डर ठेवला. समोर ट्रकमालकांचा माणूस — जाड मिशीचा. आम्ही बसायच्या आतच तो शेजाऱ्याला म्हणाला, "साहेब रिटायर व्हायला आलेत, जाता जाता पूल घेऊन चाललेत." ऐकू येईल असंच.

पहिली स्लाइड: पूल बंद करा. हे तेच वाक्य बोलले. आवाज बारीक, पण पोचला. दुसरी स्लाइड. तिथे फाटला. घोट घेतला, पुन्हा बोलू लागले, पुन्हा फाटला. मिशीवाला घड्याळ बघायला लागला. टेबलाखाली रिमोट धरून माझं बोट आवाजाच्या बटणावर होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं — दाबू? ह्यांनी मान हलवली. नको.

मग मी दुसरं बटण दाबलं. पुढची स्लाइड. 

पडदाभर तो हात.

मिशीवाल्याने घड्याळावरून डोळे वर केले. आणि हे समितीकडे पाठ करून पडद्याकडे बघत राहिले, मग वळले ते माझ्याकडे. "अगं, बघ," म्हणाले, "माणसाचा हात आत जातो. सबंध हात. आणि ह्याच्यावरून आपण रोज जातो."

कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. अध्यक्ष म्हणाले, "बोला, बोला. त्यांनाच सांगा. आम्ही ऐकतो."

आणि मग ते मलाच सांगत राहिले. आवाज कुठून आला, देव जाणे. खरखरीत होता, मध्ये मध्ये नुसतीच हवा. पण शब्द कळत होते. पाणी कसं गरगर फिरतं, माती कशी जाते, खांब वरून कसा धडधाकट दिसतो. 'अगं' किती वेळा आलं, मोजलं नाही. मी स्लाइड्स सरकवत होते आणि मान डोलावत होते, तालमीतल्यासारखीच.

मिशीवाल्याने एकच विचारलं, "म्हणजे आज संध्याकाळीसुद्धा बसू शकतो?"

"हो."

"माझ्या गाड्या चारला निघतात," तो म्हणाला. आणि फोन घेऊन बाहेर गेला.

पूल बंद. सगळ्या वाहनांना, पायी माणसांनासुद्धा. दुरुस्ती होईपर्यंत. एकमताने.

घरी येताना रिक्षात हे एक शब्द बोलले नाहीत. शब्द उरलेच नव्हते.

२२ मार्च

उद्या सकाळी दाखल व्हायचं. लेकीचा परदेशातून फोन. बाबांशी बोलायचंय म्हणाली. ह्यांनी फोन घेतला, "नीट राहा" एवढंच म्हटलं, आणि परत माझ्या हातात दिला.

मला वाटलं होतं, मला काही म्हणतील. बॅग भरताना म्हणाले, "अगं, चष्म्याचं घर?"

२३ मार्च

चार तास. व्यवस्थित झालं म्हणाले.

६ एप्रिल

घरी आणलं. गळ्याला भोक, त्यावर जाळी. श्वास तिथून. लिहायला छोटी पाटी आहे, पण पाटीवर माणूस हाक मारू शकत नाही. म्हणून चमचा. पलंगाच्या दांडीवर दोनदा वाजवायचा. स्वयंपाकघरात ऐकू येतो.

आज चिडून म्हटलं, "घंटाच बांधते गळ्यात." त्यांनी पाटीवर लिहिलं — जागा शिल्लक नाही.

हसलो दोघं. त्यांच्या हसण्याला आवाज नाही. खांदे हलतात.

१५ एप्रिल

नणंद विचारत होती, "वहिनी, दादाचा आवाज आहे ना गं तुझ्याकडे? तालमींचा?"

"आहे की."

पाठवला. दहा मिनिटांनी तिचा फोन. "हा तर सगळा पूलच आहे."

हे झोपल्यावर दुपारी मीही लावून ऐकला. स्वच्छ आहे. एकही शब्द जास्तीचा नाही. कोणाशी बोलतोय हा माणूस, काही कळत नाही. छान कापलंय मी.

दुसरं काही मिळतं का म्हणून जुने फोन, लेकीचे व्हिडिओ, सगळं धुंडाळलं. ह्यांना कॅमेरा दिसला की तोंड मिटायची सवय. लेकीच्या लग्नातसुद्धा नुसतेच हात जोडून उभे.

३ मे

बाजारात लोक तोंडावर बोलतात आता. भाजीवाली म्हणाली, "तुमच्या साहेबांनी वळसा लावला आम्हाला. पूल तर उभाच आहे की." मी भाजी घेतली. निवडून घेतली, घाई केली नाही.

घरी सांगितलं नाही. पण रात्रीच्या जेवणात ह्यांनी पाटी पुढे केली — पूल उभा आहे ना?

"आहे," म्हटलं.

त्यांनी पाटी पुसून ठेवली. बराच वेळ फडकं हातातच होतं.

१९ जून

पहाटे तिसरा खांब बसला. दोन कमानी नदीत. पुलावर कोणी नव्हतं.

दुपारी मी भांडी घासत होते. बाहेर ह्यांनी बातम्या लावलेल्या. समितीच्या रेकॉर्डरमधलं वाजवत असणार; मला काही ठाऊक नव्हतं. पाण्याच्या आवाजातून एकदम ऐकू आलं —

"अगं, बघ."

"ओ! आले!" म्हणून साबणाच्या हातांनी धावत बाहेर गेले.