मधल्या कुरणाची निरवानिरव

मी, नोटबुर्गा रानाखर, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार ओबरलेसाख, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. खुब्याचे हाड मोडले आहे, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही; ते आणणारा अजून जन्माला यायचा आहे.

१. राहते घर, गाई आणि बँकेतली ठेव मुलगा गेरोल्ड याला. कायद्याने त्याचा जो हिस्सा निघतो तो यात पुरून उरतो, तेव्हा त्याने वकील गाठू नये.

२. तिकिटांना भोक पाडायचा चिमटा गावच्या शाळेला. एकतीस हिवाळे मी आमच्या स्की-लिफ्टवर उभी होते. माणसाला वर ओढून नेणारा दांडा गावातल्या प्रत्येकाच्या ढुंगणाखाली मीच सरकवला आहे, आत्ताच्या महापौरांच्यासुद्धा. माझ्या लिफ्टवर एकाचाही पाय मोडला नाही. याचा मला अभिमान आहे, आणि मृत्युपत्रात विनय दाखवायची सक्ती नसते.

३. मधले कुरण. आमचा स्कीचा उतार सात शेतकऱ्यांच्या कुरणांवरून खाली यायचा. गुरे गोठ्यात गेली की नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला जो तो आपापले कुंपण उपटायचा, म्हणजे बर्फ पडल्यावर वाट मोकळी. माझे कुरण बरोब्बर मध्ये. तिथे बंगला उभा राहिला की उतार कायमचा संपला. गेरोल्डने गिऱ्हाईक बघून ठेवले आहे, हे मला ठाऊक आहे.

बर्फ वर्षागणिक कमी होत गेला. एकोणीस वर्षांपूर्वी गावसभेत शेजारी विन्झेन्झ उंटरवेगर उठला. म्हणाला, "बुर्गा, बर्फच नाही तर ओढणार काय, गाई?"

"तुझी अक्कल ओढते! हलकीच असेल."

लिफ्ट बंद झाली, खांब भंगारात गेले. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. बाकीच्यांनी गुरे विकली, त्यांची कुंपणे कुजून पडली. उरलो आम्ही दोघे. त्याने आपले कुंपण बारमाही उभे ठेवले, मी माझे दर वर्षी उपटले.

गेरोल्ड म्हणायचा, "आई, लिफ्ट नाही, बर्फ नाही. कुणासाठी गं हा खटाटोप?"

"बर्फ पडला तर? त्याला काय सांगू, थांब जरा?"

गेल्या शरदात खुबा मोडला. डिसेंबरात इस्पितळातून परतले, तर माझे कुंपण उपटलेले, खुंट मोळ्या बांधून गोठ्याला टेकवलेले. शेजारचेही उपटलेले. मी खिडकीतून ओरडले, "तुला कोणी सांगितलं होतं रे?"

"कोणी नाही," विन्झेन्झ म्हणाला. "तू नव्हतीस. कोणीतरी काढायला नको?"

मी खिडकी लावून घेतली आणि रडले. हे कोर्टात वाचून दाखवले तरी हरकत नाही.

सबब मधले कुरण विन्झेन्झ उंटरवेगर याला देत आहे. अट कोणतीही नाही.

स्वहस्ते लिहिलेल्या कागदाला साक्षीदार लागत नाहीत, पण गेरोल्डला लागतील, म्हणून दोघींच्या सह्या घेतल्या. विन्झेन्झला यातले काही सांगू नये. तो 'नको' म्हणत भांडायला येईल, आणि या वेळी मला उत्तर सुचणार नाही.

सही: नोटबुर्गा रानाखर
साक्षीदार: १) अफ्रा मित्तरर, टपालवाली २) वाल्बुर्गा कोफ्लर, बेकरीवाली
ओबरलेसाख, ३ फेब्रुवारी २०२३